बाराचं हाउसिंग काढून चौदाचं बसवलं

घाटात ट्रक तापतो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे रेडिएटर येतो. पाणी उकळलं, बॉनेट उघडलं, गाडी बाजूला लावून तासभर थांबलो. माझ्या गाडीचं पाणी कधीच उकळलं नाही, भर ऑगस्टमधल्या चढणीतही पाण्याचा काटा मधोमध असायचा. तापत होता तो इंजिनातून बाहेर पडणारा धूर, आणि ते तापमान दाखवणारा काटा गाडीत कंपनीनं दिलेलाच नसतो. तो आपण बसवायचा. बसवला नाही, तर पिस्टन वितळल्यावरच कळतं.

गाडी आहे १९९७ ची डॉज रॅम २५००. कमिन्सचं ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्हचं इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल, कारखान्यातून निघाली तेव्हा २१५ हॉर्सपॉवर. आम्ही कोलोरॅडोच्या पश्चिम भागात, पॅलिसेडला पीचची बाग करतो. इथला पीच प्रसिद्ध आहे, पण गिऱ्हाईक डोंगरापलीकडे, डेन्व्हरच्या बाजूला. त्यामुळे हंगामात शुक्रवारी दुपारी पेट्या भरायच्या, ट्रेलर जोडायचा आणि आय-७० महामार्गानं पूर्वेला निघायचं. मागे ट्रेलरसकट साधारण चार टन. पॅलिसेड ४७०० फुटांवर आहे. तिथून ग्लेनवुडची घळई, मग व्हेल पास १०,६६२ फूट, खाली सिल्व्हरथॉर्नला उतरायचं आणि लगेच स्ट्रेट क्रीकची चढण लागते ती थेट आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडापर्यंत. बोगदा ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३४०० मीटर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो, आणि डिझेल इंजिनाला नेमकी हवाच हवी असते.

पायरोमीटर, म्हणजे धुराचं तापमान दाखवणारा तो काटा, बसवल्यावर स्ट्रेट क्रीकच्या मध्यावर पहिल्यांदा काटा पाहिला तेव्हा तो १३५० फॅरनहाइटवर होता. सेल्सिअसमध्ये ७३० च्या वर. पाय उचलला की १२००, दाबला की पुन्हा १३५०, आणि मागून येणाऱ्या अठरा चाकी गाड्या दिवे मारतायत.

या आकड्याचा अर्थ सांगायला हवा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० सेल्सिअसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडायला लागतो. सिलेंडरच्या आतला भडका तर याच्या कितीतरी पट गरम असतो. तरी पिस्टन टिकतो, कारण तो भडका क्षणभराचा. पुढच्याच फेरीत थंड हवा आत येते आणि पिस्टनच्या खालून तेलाची धार त्याला सतत गार करत असते. मॅनिफोल्डमधलं, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीतलं, तापमान हा या सगळ्या देवघेवीचा हिशेब आहे. या इंजिनावर काम करणारे लोक सलग चढणीसाठी १२५० फॅरनहाइट ही हद्द धरतात. ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद १३५० गेलं तर चालून जातं. पण आठ मैलांच्या चढणीवर तसंच दामटत राहिलं तर पिस्टनचा कडेचा भाग, टर्बोचं (धुराच्या जोरावर इंजिनात हवा दाबणाऱ्या यंत्राचं) चाक आणि मॅनिफोल्ड या तिघांपैकी कोणीतरी आधी हार मानतं.

वितळलेला पिस्टन मी लहानपणी हातात घेतलेला आहे. आमच्या गावाकडच्या एका ट्रकचा पंप एका मेस्त्रीनं वाढवून दिला होता. ऊस भरून खंबाटकी चढताना गाडी बसली. पिस्टनच्या एका कडेचं ॲल्युमिनियम ओघळून वरच्या रिंगच्या खाचेत उतरलेलं, आणि रिंग त्यातच थिजून बसलेली. बोट फिरवलं तर कड मेणबत्तीसारखी गुळगुळीत लागत होती. तो ट्रक माझ्या मामांच्या शेजाऱ्यांचा. मामांची स्वतःची गाडी टाटा १६१३, आणि तिच्यात कमिन्सचं ६बीटी. टाटा कमिन्स १९९३ साली उभी राहिली आणि जमशेदपूरला ही इंजिनं निघू लागली. १०२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, सहा सिलेंडर. माझ्या रॅमच्या बॉनेटखाली त्याच घराण्याचं इंजिन आहे, म्हणून ही गाडी घेताना मला परकं असं काही वाटलं नाही.

मामांना फोन करून विचारलं होतं, "मामा, तुमच्याकडे पायरोमीटर नव्हता. घाटात कसं ओळखायचात तुम्ही?"

"कानानं," मामा म्हणाले. "टर्बोची शिट्टी चढत जाते आणि गाडी काही त्या मापानं चढत नाही, असं झालं की पाय उचलायचा. शिट्टी वाढली म्हणून ताकद वाढली असं नसतं रे."

मामा शाळा सातवी शिकलेले. पण पुढे मी गेज लावून जे मोजलं ते अक्षरशः हेच होतं.

टर्बोच्या हाउसिंगला, म्हणजे त्याच्या गरम बाजूच्या बिडाच्या कवचाला, हात लावण्याआधी बाकीच्या गोष्टी तपासल्याच पाहिजेत, कारण धूर तापण्याची स्वस्त कारणं आधी संपवायची असतात. एअर फिल्टर नवा घातला. टर्बोनं दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी जोडांना कॉम्प्रेसरनं हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी मारलं, एका जोडाला बुडबुडे आले, तिथला क्लॅम्प बदलला. मग पंपाकडे वळलो. या गाडीवर बॉशचा पी७१०० इनलाइन पंप आहे, संपूर्ण यांत्रिक, कुठेही कॉम्प्युटर नाही. त्यात फ्युएल प्लेट नावाची एक पोलादी पट्टी असते, ती रॅकला, म्हणजे डिझेलचं माप कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, कुठवर जाऊ द्यायचं ते ठरवते. आधीच्या मालकानं ती पुढे सरकवून ठेवली होती. म्हणजे डिझेल वाढवलेलं आणि हवा तेवढीच. काळा धूर आणि गरम मॅनिफोल्ड, दोन्ही तिथूनच.

प्लेट अर्धी मागे घेतली. तापमान उतरलं, पण चार टन मागे असताना स्ट्रेट क्रीकवर तिसऱ्या गिअरमध्ये रांगायची वेळ आली. डिझेल कमी करून गारवा मिळतोच, त्यात नवल काही नाही. मला हवं होतं ते असं, की तेवढंच डिझेल जाळून धूर थंड राहावा. त्यासाठी हवा जास्त पाहिजे आणि जळलेला वायू लवकर बाहेर गेला पाहिजे.

आता इथे बहुतेक जण एकाच काट्याकडे बघतात, बूस्टच्या, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती दाबानं भरतो त्याच्या. बूस्ट जास्त तर हवा जास्त, हवा जास्त तर तापमान कमी. अर्धं खरं आहे. टर्बो फुकट हवा दाबत नाही. त्याचं गरम बाजूचं चाक फिरवायला मॅनिफोल्डमध्ये धुराचा दाब तयार व्हावा लागतो, त्याला इकडे ड्राइव्ह प्रेशर म्हणतात. हा दाब बूस्टच्या जवळपास असेल तर ठीक. तो बूस्टच्या फार वर गेला की पिस्टनला वर येताना जळका वायू जोर लावून ढकलावा लागतो, थोडा गरम वायू सिलेंडरमध्येच राहून जातो आणि ताज्या हवेची जागा खातो. बूस्टचा काटा छान दिसत असतो आणि आत इंजिन स्वतःच्याच धुरात कोंडलेलं असतं.

हे मोजायला फार काही लागत नाही. मॅनिफोल्डला पायरोच्या शेजारी आणखी एक १/८ इंची आट्यांचं भोक, त्यात फिटिंग, त्याला दोन-तीन हात तांब्याची नळी. नळीला चार वेटोळी द्यायची म्हणजे गेजपर्यंत पोहोचेतो उष्णता निघून जाते. टोकाला ६० पौंडांचं साधं प्रेशर गेज. ते मी तात्पुरतं वायपरशेजारी काचेवर टेपनं चिकटवलं आणि लेक शेजारी बसून तिन्ही काट्यांचे फोनवर व्हिडिओ काढत होती. सिल्व्हरथॉर्नच्या २०५ नंबरच्या एक्झिटपासून बोगद्यापर्यंत, चौथा गिअर, २००० आरपीएमच्या आसपास, फ्युएल प्लेट आधीच्या पुढच्या जागी. बूस्ट २४ पौंड. ड्राइव्ह प्रेशर ३८. तापमान १३५०.

हा ३८ चा आकडा पाहिल्यावर दुसरं काही शोधायची गरज उरली नाही.

गाडीवरचा टर्बो होल्सेटचा एचएक्स३५, वेस्टगेटवाला, म्हणजे जादा धूर चाकाला वळसा घालून सोडणारी झडप असलेला. त्याचं गरम बाजूचं बिडाचं हाउसिंग १२ चं. हा बारा म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. गोगलगाईसारख्या त्या पोटात धूर शिरताना सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ. होल्सेट ते असं चौरस सेंटिमीटरमध्ये सांगते, इतर काही कंपन्या ए/आर नावाच्या गुणोत्तरात सांगतात, पण अर्थ जवळपास एकच. तोंड अरुंद तितका वायूचा वेग जास्त, त्यामुळे कमी आरपीएमलाही चाक झटकन फिरायला लागतं. शहरात, रिकाम्या गाडीला हे फार छान वाटतं. पण इंजिन जोरात श्वास टाकायला लागलं की तेच अरुंद तोंड गळा दाबतं. कंपनीनं बारा निवडलं ते कारखान्यातल्या डिझेलच्या मापाला धरून आणि ते त्या जागी योग्यच आहे. डिझेल वाढवलेल्या, चार टन ओढणाऱ्या, ११ हजार फुटांवर जाणाऱ्या गाडीचं गणित वेगळं पडतं.

उंचीचा मुद्दा नुसता हवा विरळ एवढाच नाही. २४ पौंड बूस्ट समुद्रसपाटीला असेल तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा साधारण २.६ पट दाबत असतो. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाबच दहा पौंडांच्या आसपास, तिथे तोच २४ चा काटा दाखवायला त्याला ३.४ पट दाबावं लागतं. काटा तोच, कष्ट कितीतरी जास्त. टर्बोचा दांडा जास्त वेगानं फिरतो, हवा दाबताना जास्त तापते, आणि हे सगळं करायला गरम बाजूला आणखी दाब लागतो. त्यामुळे सपाटीवर राहणाऱ्या एखाद्यानं "माझ्या गाडीवर बारानंच उत्तम चालतं" असं सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्याचा रस्ता वेगळा आहे.

याच टर्बोला १४ चं आणि १६ चं हाउसिंग बसतं. पहिल्या पिढीच्या, १९८९ पासूनच्या डॉज कमिन्स गाड्यांवर तर १८ आणि २१ ची हाउसिंग असायची, वेस्टगेटशिवाय. त्या गाड्या खालून सुस्त, पण वर मोकळ्या. सोळा घालावं असा आग्रह मला इथल्या एका जुन्या ट्रकवाल्यानं फार केला. त्यानं तापमान आणखी उतरलं असतं यात शंका नाही. पण बागेत मला गाडी कमी आरपीएमला, ओल्या मातीतून, ट्रेलरसकट हलवायची असते, आणि विरळ हवेत टर्बो आधीच उशिरा जागा होतो. सोळानं पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये नुसता काळा धूर सोडला असता. शिवाय मिळत होतं ते सोळा वेस्टगेटशिवायचं. दांड्याचा वेग हाताबाहेर जाऊ नये यासाठी मला वेस्टगेट हवंच होतं. म्हणून १४ चं, वेस्टगेटवालं. दोन-अडीचशे डॉलर, वर गॅस्केट.

काम एका माणसाचं आहे, पण घाईचं नाही. आदल्या रात्री मॅनिफोल्डच्या चारही नटांवर आणि हाउसिंगच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी नट आधी किंचित घट्ट केले, कट्ट असा आवाज आला की मगच उलटे फिरवले. गंजलेला स्टड असाच सुटतो. एक ऐकेना, त्याला टॉर्चनं लाल होईस्तोवर तापवला आणि थोडा गार झाल्यावर पान्हा लावला. घाईनं ओढला असता तर स्टड मॅनिफोल्डमध्येच मोडला असता आणि पुढचा सगळा दिवस तो काढण्यात गेला असता.

टर्बो खाली उतरवल्यावर, काही सुटं करण्याआधी, सेंटर पंचनं खुणा मारल्या. एक ठिपका गरम हाउसिंगवर, त्याच्या समोर एक मधल्या भागावर, तसंच थंड बाजूला. ही पायरी गाळू नका. मधल्या भागातून तेल खाली पडतं ते केवळ गुरुत्वाकर्षणानं, त्यामुळे तेलाचा निचरा सरळ खालीच राहायला हवा. हाउसिंग थोडं जरी फिरून बसलं तर तेल तुंबतं, सीलमधून गळतं, आणि लोक टर्बोला दोष देतात. वेस्टगेटचा दांडाही याच खुणांवर अवलंबून असतो.

नवं हाउसिंग जसं आलं तसं बसवायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. या इंजिनाचं मॅनिफोल्ड दोन भागांत विभागलेलं असतं. पुढचे तीन सिलेंडर एका वाटेनं, मागचे तीन दुसऱ्या, म्हणजे एकाच्या धुराचा ठोका दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. हाउसिंगच्या तोंडालाही तशीच दोन चौकोनी भोकं आणि मध्ये भिंत. तोंडावर गॅस्केट ठेवून मार्करनं आतली कड आखली, तर एका बाजूला ओतकामाची दीड-एक मिलिमीटरची कड आत आलेली दिसली. मॅनिफोल्डमधून येणारा धूर नेमका त्या पायरीवर आपटणार. डाय ग्राइंडरला कार्बाइडचा बर, म्हणजे धातू कोरणारं टोक, लावून ती कड उतरवली आणि आत बोटाच्या दोन पेरांइतक्या अंतरापर्यंत उतार एकसारखा केला. बीड कापताना काळी भुकटी निघते, ती नाकातोंडात जाते, मास्क लावायचा. मधल्या भिंतीला हात लावला नाही. ती भिंत अशा हाउसिंगमध्ये आधीच तडकायची जागा असते, पातळ केली तर लवकर तडकते. आतल्या जिभेलाही लावला नाही. जिथे वायू चाकाकडे वळतो ती ही जीभ, चौदाचा चौदा तिच्यावरच ठरतो.

वेस्टगेटच्या भोकाची कड मात्र गोलसर केली. भोक मोठं केलं नाही, कारण झडप नीट बसायला तेवढी कड उरली पाहिजे. कड गोल केली तरी वायू सहज वळतो.

टर्बो उतरलेला होता तेव्हाच मॅनिफोल्डमधली भोकं कायमची करून घेतली. तात्पुरत्या कामासाठी पाडलेलं एक भोक जागेवर चांगलं नव्हतंच. टर्बो बसलेला असताना भोक पाडायचं म्हटलं की बिडाचा कीस चाकात जायची धास्ती. काही जण इंजिन चालू ठेवून पाडतात, म्हणजे धूर कीस बाहेर फेकतो. होतं तसं, पण हात भाजतो. टर्बो नसताना ड्रिलला ग्रीस लावून पाडलं, आटे पाडले, लोहचुंबक फिरवला, वर व्हॅक्यूम लावला, आणि मन निश्चिंत झालं. पायरोचं टोक नळीच्या मध्यावर येईल एवढं आत ठेवायचं. कडेला राहिलं तर बिडाचं तापमान वाचत बसतं. आणि टर्बोच्या आधीच बसवायचं, नंतर नाही. टर्बोतून बाहेर पडताना वायूनं चाकाला काम दिलेलं असतं, तो लोडवर दोनशे-तीनशे फॅरनहाइटनं गार झालेला असतो. तिथला काटा बघून माणूस निर्धास्त राहतो आणि पिस्टन वितळतो.

परत जोडताना बोल्ट पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून त्यांना निकेलचं अँटीसीझ लावलं. हाउसिंग खुणेवर बसवून बोल्ट आळीपाळीनं आवळले आणि दर वेळी दांडा बोटानं फिरवून पाहिला. चाक आणि हाउसिंग यांच्यात फट कागदासारखी असते. थोडी जरी घासली तर बोटाला कळते. मग तेलाच्या तोंडातून ताजं तेल ओतून दांडा फिरवला. इंजिन पेटू नये म्हणून पंपाच्या शटऑफ सोलेनॉइडची जोडणी काढली आणि ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारला. कोरड्या बेअरिंगवर टर्बो सुरू झाला तर पहिल्या मिनिटातच त्याचं आयुष्य घटतं.

फ्युएल प्लेट मी पहिल्या मोजणीला होती त्या जागी परत नेली. तेवढंच डिझेल, तेवढंच वजन, तीच चढण, तोच गिअर, आणि हवामानही जवळपास तसंच असेल असा शुक्रवार. नाहीतर तुलनेला अर्थच नाही. लेक पुन्हा शेजारी.

बूस्ट २३. ड्राइव्ह प्रेशर २८. तापमान १२२०.

बूस्ट एका पौंडानं उतरला आणि तापमान १३० फॅरनहाइटनं उतरलं. बूस्टच्या काट्यावरूनच निर्णय करणाऱ्यानं हा बदल नापास केला असता. मॅनिफोल्डमधला दाब दहा पौंडांनी खाली आला, सिलेंडर मोकळा व्हायला लागला, तिथे सगळी कमाई आहे. मामांना आकडे सांगितले तर त्यांचा पहिला प्रश्न शिट्टीचा. शिट्टी उतरली आहे, आणि आता ती गाडीच्या चालीबरोबर चढते. "मग बरोबर बसलंय," म्हणाले.

याचा मोबदला द्यावा लागला, तो सांगतो. आधी टर्बो १४०० आरपीएमला जागा व्हायचा, आता १५५०-१६०० ला. रिकाम्या गाडीला ते जाणवत नाही. ट्रेलर असताना चढावर उभी गाडी उचलायची तर पाय हलका ठेवावा लागतो, नाहीतर मागे काळा ढग. चढणीत गिअर थोडा आधी उतरवतो, १८०० च्या खाली इंजिनाला ओढायला लावत नाही. वर पोहोचून विश्रांतीला थांबलो की पायरो ३५० च्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवतो. गरम टर्बो एकदम थांबवला तर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं, आणि हे मामा मला पायरो नसतानाच्या काळापासून सांगत आलेत.

हे वाचून कोणी नव्या गाडीवर हात चालवू नये, एवढी विनंती. २००७ मध्ये आलेल्या कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनावर होल्सेटचाच बदलत्या तोंडाचा टर्बो आला. त्यात आतली कडी सरकून तोंड स्वतःच अरुंद-रुंद होतं. बारा आणि सोळा दोन्ही एकाच हाउसिंगमध्ये, आणि ते चालवतो कॉम्प्युटर. त्याच्यामागे धुराची गाळणी, सेन्सर, सगळी साखळी असते. तिथे बिडाला बर लावून काही साधत नाही. अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाच्या भागांशी छेडछाड करायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. कॅलिफोर्नियात तर मंजुरी क्रमांक नसलेला टर्बोचा भाग रस्त्यावर चालत नाही. आमच्या जिल्ह्यात काय लागतं ते आधी विचारूनच मी भाग मागवला. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि बीएस-६ गाड्यांवर तर हा विचारच करायचा नाही. पण जुन्या ६बीटीवाल्यांना, मग ते साताऱ्यात असोत की कोलोरॅडोत, एक गोष्ट आवर्जून करायला सांगेन. पंप वाढवून घेण्याआधी पायरो बसवा, आणि जमलं तर तांब्याची ती नळीही. शंभरेक डॉलरांत किंवा काही हजार रुपयांत इंजिनाच्या आत काय चाललंय ते दिसायला लागतं. त्यानंतर पंप वाढवायचा की हाउसिंग बदलायचं की दोन्ही नको, हे आकडेच सांगतात.

आता माझं लक्ष मॅनिफोल्डवर आहे. बिडाचं एकसंध मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून-गार होऊन आखडत जातं आणि टोकांच्या बोल्टांवर ताण येतो. टर्बो काढला होता तेव्हा पट्टी लावून पाहिलं, मागच्या टोकाला भोक बोल्टच्या एका अंगाला टेकलेलं दिसलं. तीन तुकड्यांचं, सरकत्या जोडाचं मॅनिफोल्ड मिळतं, ते या हिवाळ्यात बाग झोपलेली असताना घालणार आहे. तोवर हाउसिंगचे बोल्ट दर महिन्याला गार इंजिनावर तपासतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर दोन बोल्ट थोडे घेतले, त्यानंतर घ्यावे लागलेले नाहीत.